ज्वारीच्या मोडातले औषध



भाकरीचा घास चावत राहा, गोड लागतो. लाळेतले अमायलेज पिठातल्या स्टार्चची साखर करते. मोड आलेल्या धान्यातही ते असते. १८३३ साली फ्रान्समध्ये त्याला डायस्टेज नाव मिळाले. स्वारगेटला एसटीतून उतरून औषधाच्या दुकानात पाचकाच्या बाटल्या वाचा, तेच नाव सापडेल.

ज्वारी मातीमोल विकायची आणि बाटली विकत घ्यायची, हा कुठला हिशेब?

ज्वारी भिजवा, मोड आणा, कडक वाळवा. मोड चोळून, पाखडून टाका. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते, ते विष मोडातही असते. मग दळा. उतरवलेल्या गरम, घट्ट पेजेत चमचाभर पीठ ढवळा. पाणी न घालता पेज पातळ होईल. पुन्हा उकळा. लेकराच्या वाटीत पाणी कमी, दाणा जास्त जाईल.