मानेचे मणके व मानेचे दुखणे

(तालुक्यातील शिक्षक परिषदेत प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



मानेचे दुखणे आपल्यापैकी पुष्कळांस अनुभवाने ठाऊक आहे. वह्यांचे गठ्ठे तपासताना मान खाली, फळ्यावरील वरच्या ओळी लिहिताना मान वर, आणि अलीकडे ऑनलाइन माहिती भरावयाची म्हणून मोबाईलवर पुन्हा मान खाली! म्हणून प्रथम मानेची रचना पाहू.

आपण हात मानेमागे ठेवून डोके पुढे झुकवावे. मान संपते तेथे बोटांस जो टणक उंचवटा लागतो, तो बहुधा मानेचा सातवा मणका होय. त्याच्या वर आणखी सहा आहेत. जिराफाच्या त्या उंच मानेतही मणके सातच असतात. ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी, मुलांस ती फार आवडते. पहिला मणका कड्यासारखा असून त्यावर कवटी टेकलेली असते. ‘होय’ म्हणताना डोके हलते ते मुख्यतः येथे. दुसऱ्या मणक्यातून खुंटीसारखे हाड वर आलेले असते व ‘नाही’ म्हणताना ते कडे या खुंटीभोवती फिरते. या दोहोंमध्ये चकती नाही. त्याखाली मात्र प्रत्येक दोन मणक्यांमध्ये लवचीक चकती असते. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो, आणि त्यातून निघालेल्या नसांपैकी खालच्या नसा थेट हाताच्या बोटांपर्यंत पोहोचतात. मणक्यांच्या बाजूंस असलेल्या छिद्रांतून मेंदूस रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्या वर जातात. केस कापून झाल्यावर कडकड मान मोडून घेण्याची हौस ज्यांस आहे, त्यांनी या धमन्यांचे स्मरण ठेवावे. त्यांस इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे विरळ असली तरी खरी आहेत.

मोठ्या माणसाचे डोके सुमारे 4.5 ते 5 किलो वजनाचे असते. ते जितके पुढे झुकेल तितका मागील स्नायूंवर ताण अधिक. केनेथ हंसराज या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी 2014 मध्ये गणित मांडले की, 60 अंश झुकलेल्या मानेवर सुमारे 27 किलो भार येतो. हा आकडा गणिताचा आहे, जिवंत मानेवर मोजलेला नव्हे. म्हणून त्याने घाबरून जाऊ नये. झुकणे हा अपराध नाही. तासन् तास एकाच स्थितीत राहणे, हे मात्र स्नायूंस सोसत नाही. मान अवघडते ती बहुधा यामुळे, आणि हालचाल सुरू ठेवल्यास बहुतेक वेळा काही दिवसांत वा आठवड्यांत बरी होते. आपल्या शाळांत मुले सतरंजीवर बसून जमिनीवरील वहीत लिहितात. त्यांस दप्तर मांडीवर घेऊन त्यावर वही ठेवावयास सांगावे व अधूनमधून उभे करावे.

वयाबरोबर चकत्या झिजतात. चाळिशीनंतर क्ष-किरण चित्रात अशी झीज पुष्कळांस दिसते आणि त्यांतील अनेकांस काहीच दुखत नसते. तेव्हा ‘मणक्यात गॅप आहे’ एवढे ऐकून कोणी जन्माचा पट्टा बांधून घेऊ नये. चकती सरकून नस दाबली गेली, तर मात्र कळ खांद्यावरून हातात उतरते व बोटांस मुंग्या येतात.

याहून गंभीर अवस्था म्हणजे खुद्द मज्जारज्जूवरील दाब. माझ्याकडे एक गुरुजी आले होते. त्यांच्या सुंदर अक्षराची गावात ख्याती. वर्षभर फळ्यावरचे अक्षर बिघडत चालले होते, सदऱ्याची बटणे लागत नव्हती, चालताना पायातील चप्पल निसटे. मान फारशी दुखत नव्हती, म्हणून त्यांनी सारे वयावर घातले. शस्त्रक्रियेने पुढील हानी थांबली, पण पूर्वीचे अक्षर परत आले नाही. सहा महिने आधी आले असते तर ते परतण्याची आशा पुष्कळ अधिक होती.

म्हणून हातांची पकड ढिली होणे, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, पडल्यानंतर मान दुखू लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि एखाद्या मुलास ताप असून मान ताठरली असेल, हनुवटी छातीस टेकत नसेल, तर तो मेंदूज्वर असू शकतो. अशा मुलास शाळा सुटेपर्यंत बसवून ठेवू नये. पालकांस निरोप धाडून त्यास तत्काळ दवाखान्यात पोहोचवावे.