ज्वारीची भाकरी आणि डॉ. गोपालन



आपल्या शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी ज्या व्यक्तीची निवड केली आहे, ती मराठी नव्हती. डॉ. कोलत्तूर गोपालन यांचा जन्म १९१८ साली तमिळनाडूतील सेलम येथे झाला. परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी वर्षे याच शहरात, तार्नाक्याजवळच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत गेली. आणि त्यांनी ज्या अन्नाचा अभ्यास केला ते तर आपल्या घरचेच होते. आपल्यापैकी अनेकांची मुळे नांदेड, परभणी, बीडकडची. तेव्हा ज्वारीविषयी मी वेगळे काय सांगणार?

ही संस्था मूळची कुन्नूरची. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या चौकशीसाठी तिथे एका लहानशा खोलीत काम सुरू केले. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ती हैदराबादला आली आणि १९६९ च्या सुवर्णमहोत्सवात तिला आजचे नाव मिळाले. निलगिरीच्या थंड हवेतून दख्खनच्या उन्हात येताच संशोधकांपुढे एक वेगळाच रोगी उभा राहिला. गळ्याभोवती हार घातल्यासारखा काळपट चट्टा, हातापायांची उन्हाने भाजल्यासारखी त्वचा, हगवण, आणि कधीकधी चित्तभ्रम. हा पेलाग्रा. उस्मानिया रुग्णालयात येणारे हे रोगी बहुतेक गरीब शेतमजूर होते, आणि त्यांचा मुख्य आहार ज्वारी हा होता.

वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत पेलाग्रा हा मका खाणाऱ्यांचा रोग म्हणून प्रसिद्ध होता. अमेरिकेच्या दक्षिण भागात जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो संसर्गाने नव्हे, निकृष्ट आहाराने होतो हे दाखवून दिले होते. मक्यातील नियासिन शरीराला सहजी मिळत नाही आणि त्यात ट्रिप्टोफॅनही तोकडे, असा उलगडा पुढे झाला. पण ज्वारीला हा उलगडा नीट लागू पडेना. मग गोपालन आणि त्यांचे सहकारी डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये वेगळी शंका मांडली: ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल फार आहे, तेच या घोटाळ्याचे मूळ असेल काय? या उपपत्तीवर पुढे पुष्कळ वाद झाला आणि सर्वांना ती पटली असे नाही. मला मात्र त्या शंकेहून ती काढण्याची रीत मोलाची वाटते. परदेशी ग्रंथात उत्तर सापडले नाही म्हणून रोग्याला दोष न देता त्याच्या ताटाकडे पाहावे, ही ती रीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दोष ज्वारीचा नव्हे. आमच्या आजीच्या हातची भाकरी वरण, पिठले, ताक आणि पालेभाजीसोबत असे; त्या घरात कोणाला पेलाग्रा झाल्याचे ऐकिवात नाही. भाकरी, मिरची आणि मीठ एवढ्यावर वर्षानुवर्षे काढणाऱ्याला तो होई. आज भरडधान्यांचा गौरव होतो, २०२३ हे त्यांचे आंतरराष्ट्रीय वर्षही झाले. आनंद आहे. पण त्या भाकरीसोबत डाळ कोणाच्या ताटात असते हा प्रश्न त्या गौरवात मला फारसा ऐकू येत नाही.

गोपालन यांचे दुसरे मोठे काम बालकांविषयीचे. पन्नास-साठच्या दशकांत जगभर प्रथिनांच्या तुटवड्याचा गवगवा होता. गरीब देशांतील मुलांना माशांची भुकटी आणि तऱ्हेतऱ्हेची प्रथिनमिश्रणे द्यावीत असे सुचवले जाई. हैदराबादच्या संशोधकांनी खेड्यांतील मुलांचा आहार मोजला तेव्हा आढळले की मुख्य उणीव उष्मांकांची आहे. मूल पोटभर खात नाही, म्हणून प्रथिनेही अपुरी पडतात. त्यांनी मुलांना वर्षाहून अधिक काळ सुमारे तीनशे उष्मांकांचा जोडआहार दिला, त्यात प्रथिने नाममात्र होती. तरीही मुलांची वाढ सुधारली. महागड्या डब्याची गरज नव्हती, घरचेच अन्न थोडे अधिक हवे होते. एवढी साधी गोष्ट सिद्ध करायला एक संस्था खपावी लागली!

‘अ’ जीवनसत्त्वाअभावी अंधत्व येणाऱ्या बालकांसाठी दर सहा महिन्यांनी मोठी मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला, त्यामागेही याच संस्थेचे काम होते. पण उपाय आपल्या घरचा म्हणून त्यांनी तो कायमचा मानला नाही. परिस्थिती बदलल्यावर सरसकट मात्रा देत राहण्यावर त्यांनी उतारवयात कठोर टीका केली आणि पालेभाज्या व फळे मुलांपर्यंत पोहोचवा असा आग्रह धरला.

१९७४ ते १९७९ ते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक होते. नंतर त्यांनी दिल्लीत न्यूट्रिशन फाउंडेशन ऑफ इंडिया उभारले. तिथून त्यांनी जो वाद घातला, त्यात आपला एक थोर मराठी माणूसही गुंतलेला आहे. साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे. प्रथिनांच्या बागुलबुवाविरुद्ध सुखात्मे आणि गोपालन एकाच बाजूला होते. परंतु माणसाचे शरीर कमी आहाराशी जुळवून घेते, म्हणून उपासमारीचे आकडे फुगलेले आहेत, असे सुखात्मे म्हणू लागले. पुण्याच्याच वि. म. दांडेकरांनीही त्यांना विरोध केला. पुढे अमेरिकन अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी बुटकी पण निरोगी माणसे अशी कल्पना मांडली. गोपालन यांनी १९८३ मध्ये विचारले की खुजेपणा आरोग्याचा असेल, तर तो फक्त गरिबांसाठीच का?

सुखात्मे यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, तरी या प्रश्नात मी गोपालन यांच्या बाजूचा आहे. खुज्या, कृश आईच्या पोटी कमी वजनाचे मूल जन्मते, आणि मुलगी असेल तर तिच्याही वाट्याला तेच येते. याला जुळवून घेणे म्हणायचे, तर ती तडजोड कोणी कोणाशी केली? जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बालकांच्या वाढीची नवी मानके प्रसिद्ध केली, तेव्हा मोजमाप झालेल्या सहा देशांत भारत होता. दक्षिण दिल्लीतील सुस्थित घरांची मुले नॉर्वे आणि अमेरिकेच्या मुलांच्या बरोबरीने वाढत होती.

डॉ. गोपालन ३ ऑक्टोबर २०१९ रोजी चेन्नईत वारले, वयाच्या १०१ व्या वर्षी. त्यांच्या ‘भारतीय अन्नाची पोषणमूल्ये’ या इंग्रजी पुस्तकाची १९७१ पासूनची आवृत्ती माझ्या कपाटात आहे. कोष्टकांवर हळदीचे डाग पडले आहेत, कारण ते पुस्तक बराच काळ आमच्या स्वयंपाकघरातच असे. ज्या विद्यार्थ्यांना ते पाहायचे असेल, त्यांनी व्याख्यानानंतर माझ्याकडे यावे.