किडनी बदलायची, तर थांबायचं कशासाठी?



हेळवाक, मोरगिरी, ढेबेवाडी या पट्ट्यातून आठवड्याला दोन-तीन वेळा डायलिसिससाठी कराडला जाणारी माणसं तुमच्या पाहण्यात असतील. मशीनवर चार तास, शिवाय प्रवास. सोबत घरातलं एक माणूस, म्हणजे दोघांचा रोजगार बुडतो. पावसाळ्यात तर वाडीवरून खाली उतरायचीच पंचाईत. अशा घरात किडनी बदलण्याचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर येतं, ‘डायलिसिसवर चाललंय की! नाहीच जमलं तर बघू.’ आज मला बोलायचंय ते या ‘बघू’बद्दल.

थांबल्याने काय होतं, ते पाहा. एक माणूस मरणोत्तर दोन्ही किडन्या देतो, त्या दोन वेगवेगळ्या रुग्णांना बसतात. अमेरिकेतल्या मायर-क्रीशे आणि कॅप्लान या डॉक्टरांनी अशा जोड्या तपासल्या आणि 2002 मध्ये निष्कर्ष मांडले. एक रुग्ण सहा महिन्यांहून कमी काळ डायलिसिसवर राहिलेला, दुसरा दोन वर्षांहून जास्त. किडन्या मात्र एकाच शरीरातल्या. दहा वर्षांनी पहिल्या गटात शंभरातल्या 63 किडन्या चालू होत्या, दुसऱ्या गटात फक्त 29. डायलिसिस जीव वाचवतं, पण खऱ्या किडनीचं सगळं काम त्याला जमत नाही. तेवढ्या काळात रक्तवाहिन्या कडक होतात, हृदयावर ताण साचतो, आणि नवी किडनी येते ती अशा थकलेल्या शरीरात.

म्हणून घरातला दाता असेल, तर डायलिसिस सुरू होण्याआधीच किडनी बसवणं सर्वांत चांगलं. दात्याच्या तपासण्या आणि कागदपत्रं यांत महिने जातात. क्रिएटिनिन चढत चाललंय, डॉक्टर डायलिसिससाठी हाताला फिस्टुला (रक्तवाहिन्यांचा जोड) करायला सांगताहेत, त्याच भेटीत विचारा, ‘आमचं प्रत्यारोपण होऊ शकेल का?’ डॉक्टर आपणहून सांगतील म्हणून थांबू नका.

अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याने दाता म्हणून आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा आणि नातवंडं हे जवळचे नातेवाईक. नातवंडं सज्ञान हवीत, हे वेगळं सांगायला नको. रक्तगट जुळत नसला तरी वाट बंद होत नाही. या कायद्यातल्या 2011 च्या दुरुस्तीने दोन कुटुंबांना आपसांत दात्यांची अदलाबदल करता येते.

‘देणाऱ्याचं काय होणार?’ ही भीती खरी आहे, तिला खरंच उत्तर द्यायला हवं. जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण 1954 साली बोस्टनला झालं. जुळ्या भावाला किडनी देणारे रोनाल्ड हेरिक त्यानंतर छप्पन्न वर्षं जगले. धोका शून्य नाही. म्हणून तर दात्याची कसून तपासणी होते, आणि दात्यानेही दरवर्षी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन तपासून घ्यायचंच. पण एक गोष्ट मला फार खुपते. आपल्याकडे देणाऱ्यांत बायकाच जास्त असतात, आई नाहीतर बायको. तीच आजारी पडली की मात्र घर गप्प होतं. भावांनो, नवऱ्यांनो, तपासणीला तुम्हीही पुढे या.

पैशांचं म्हणाल, तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत 2023 मध्ये किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. योजनेतलं रुग्णालय कोणतं, हे योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. ऑपरेशननंतरच्या गोळ्या मात्र किडनी चालू असेपर्यंत रोज लागतात. त्यांचा महिन्याचा खर्च आधीच विचारून ठेवा, कारण पैसे संपले म्हणून गोळ्या थांबल्या की शरीर परकी किडनी नाकारतं.

यातली मुख्य गोळी टॅक्रोलिमस. जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीत एक जिवाणू सापडला, त्यापासून 1984 मध्ये हे औषध मिळालं. ते घड्याळ लावून, दर बारा तासांनी घ्यायचं आणि रक्तातली त्याची पातळी डॉक्टर सांगतील तेव्हा तपासायची. चकोतरा आणि पपनस ही फळं टाळा, त्यांनी ही पातळी वाढते. अंगदुखीची गोळी किंवा झाडपाल्याचं औषध मनाने घेऊ नका. या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते, तेव्हा पाणी उकळूनच प्या, पावसाळ्यात तर नक्कीच.

घरात दाता नसेल, तर मरणोत्तर दानाच्या यादीत नाव लागतं. आपला सातारा जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे येतो, पण नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फतच होते. नियमित डायलिसिस सुरू झालं की त्यासाठी लगेच हालचाल करा. 65 वर्षांवरच्यांना यादीत न घेण्याची आणि त्याच राज्याचा रहिवासी असण्याची अट केंद्र सरकारने 2023 मध्ये काढायला लावली. तेव्हा ‘आता काय वय राहिलंय!’ म्हणून मागे राहू नका.

बर्फात ठेवलेली किडनी तासातासाने बिघडत जाते, त्यामुळे रुग्णालयाचा फोन आला की लगेच निघावं लागतं. ज्यांच्या वाडीवर मोबाइलला रेंज नाही, त्यांनी पाटण किंवा मल्हारपेठेतल्या एखाद्या नातेवाइकाचाही नंबर रुग्णालयात लिहून द्यावा, आणि रात्री-अपरात्री गाडी कोण काढणार तेही आजच ठरवून ठेवावं.