एका हाती दोन किल्ल्या नकोत

(पाथरी येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



उपकोषागारातील दुहेरी कुलपाची पद्धत आपणांस परिचित आहे. दोन किल्ल्या दोघांकडे असतात. एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. सायबर सुरक्षेतील निरनिराळी पदे याच तत्त्वावर उभी आहेत. संगणक जाणणारा एक माणूस नेमला की काम भागले, ही समजूत म्हणूनच सोडली पाहिजे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण घेऊ. एटीएमवर पैसे मागितले की ती मागणी बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते आणि शिल्लक पाहून मंजुरी मिळते. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरट्यांनी मध्येच आपली बनावट यंत्रणा घुसविली. मागणारे तेच आणि मंजुरी देणारेही तेच! शनिवारी, ११ ऑगस्टला, देशविदेशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी रकमा काढल्या गेल्या. सोमवारी, १३ ऑगस्टला, आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला वळविले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपयांचा अपहार झाला.

अशा प्रसंगी कोणाचे काय काम असते? चाचणीतज्ज्ञ रीतसर परवानगी घेऊन, चोराच्या नजरेने यंत्रणेतील फटी आधीच शोधतो. सुरक्षा विश्लेषक हा जागल्या. तो रात्रंदिवस व्यवहारांच्या नोंदींवर नजर ठेवतो. घटना-प्रतिसाद पथक बाधित यंत्रे तत्काळ वेगळी करते. शनिवार ते सोमवार या अवधीचे मोल हे पथकच जाणते. न्यायवैद्यक तज्ज्ञ पुरावा न बिघडविता जतन करतो. याच प्रकरणी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. असे निर्णय पुराव्याच्याच बळावर होतात. लेखापरीक्षक नियम पाळले जातात की नाही हे तपासतो, आणि मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी या सर्वांचा मेळ घालून उत्तरदायित्व स्वीकारतो. सायबर घटनेची माहिती ६ तासांच्या आत कळविण्याचा ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेचा २०२२ चा निर्देश शासकीय संस्थांनाही लागू आहे.

हे केवळ पुण्या-मुंबईचे प्रश्न नव्हेत. ई-ग्रामस्वराज प्रणालीतून देयक अदा करण्यास ग्रामपंचायत अधिकारी व सरपंच या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. हेही दुहेरी कुलूपच आहे. या दोन्ही स्वाक्षऱ्यांची साधने सांकेतिक क्रमांकांसह संगणकचालकाच्या खणात पडून राहिली, तर पुण्यात चोरट्यांनी जे कपटाने साधले ते आपण आपल्याच हातांनी करून देऊ. त्यात चालकाचा हेतू वाईट असण्याचीही गरज नाही. त्याचा एक संगणक बाधित झाला तरी पुरे.

शिक्षकबंधूंना विनंती, की हे क्षेत्र केवळ अभियंत्यांचे आहे असे विद्यार्थ्यांना सांगू नये. हिशेबात काटेकोर असणारा, बारकाईने वाचणारा, शंका विचारणारा विद्यार्थीही येथे उपयोगी पडतो. फसवणूक घडल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, हे प्रत्येक घरी पोहोचवावे.

तज्ज्ञांची पदे यथावकाश भरली जातील. तोवर प्रत्येकाने आपली किल्ली आपल्याच कमरेला बाळगावी, एवढे आजच करता येण्यासारखे आहे.