यंदा आपल्याकडे बर्फ पडणार का?

कुणी चुलीपाशी असाल, कुणी द्राक्षाच्या बागेत पेपर लावता लावता मोबाईलवर ऐकत असाल. आज थंडीबद्दल बोलायचं आहे. गेल्या पंधरा दिवसांत ज्या ज्या गटाच्या बैठकीला गेले, तिथे बचतीचा हिशेब होण्याआधी एकच विषय निघाला. "ताई, यंदा आपल्याकडे बर्फ पडणार म्हणे!"

हे आलं कुठून? मोबाईलवरून. एक व्हिडिओ फिरतोय, पांढरीशुभ्र जमीन, त्यावरून चालणारी माणसं, आणि खाली लिहिलंय की हे आपल्याच जिल्ह्यातलं आहे. त्यातली घरं पाहिली तरी कळतं की ती आपल्याकडची नाहीत, पण घाईत कोण बघतं? हसण्यावारी नेलं असतं, पण एका गटातल्या मावशींनी बर्फाच्या धास्तीने तीन करडं मिळेल त्या भावाला विकून टाकली. दोन महिने थांबल्या असत्या तर चांगले पैसे हातात आले असते, आणि गटाच्या कर्जाचे हप्ते त्यातूनच जायचे होते. म्हणून म्हटलं, रेडिओवरच सांगावं.

उत्तर आधी देते. आपल्याकडे बर्फ पडणार नाही. यंदाही नाही, पुढच्या वर्षीही नाही. निफाड काय, महाबळेश्वर काय, कळसूबाईच्या शिखरावरसुद्धा नाही.

आता का नाही, ते बघू. काश्मीरमध्ये, हिमाचलात पडतो तो बर्फ ढगात तयार होतो. ढगातली वाफ गोठते, तिचे बारीक स्फटिक होतात, ते एकमेकांत गुंततात आणि पिंजलेल्या कापसासारखे खाली येतात. पण ते जमिनीपर्यंत तसेच पोचायला खालची हवाही शून्य अंशाच्या आसपास थंड लागते. आपण राहतो त्या पट्ट्यात हवेचं तापमान शून्यावर येतं ते साधारण साडेचार ते पाच हजार मीटर उंचीवर. आणि महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई, ते 1646 मीटर. म्हणजे ढगात बर्फ झाला तरी वाटेतच त्याचं पाणी होतं. आपल्या पावसाळ्यातले कितीतरी थेंब वर बर्फच असतात, आपल्या अंगणात येतात ते पाणी होऊन.

दुसरं कारण तर आपण दर हिवाळ्यात अनुभवतो. आपल्याकडे कडाक्याची थंडी कधी पडते? उत्तरेकडून कोरडं वारं सुटतं आणि रात्री आभाळ चांदण्यांनी लखलखतं तेव्हा. आणि ढग आले की? थंडी पळते, रात्री गोधडी नकोशी होते. थंडी असते तेव्हा ढग नसतात, ढग येतात तेव्हा थंडी नसते. बर्फाला दोन्ही एकाच वेळी लागतात.

मग दर वर्षी "महाबळेश्वरात बर्फाची चादर" अशी बातमी येते, फोटो येतात, ते खोटे का? खोटे नाहीत, पण तो पडलेला बर्फ नव्हे. ते गोठलेलं दव. वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या भागात पहाटे गाड्यांच्या टपावर, गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. कोणी हिमकण म्हणतं, जुनी माणसं दहिवर म्हणतात. सातपुड्यात तोरणमाळला, अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब गावाकडेही असं होतं. दक्षिणेत उटीलाही होतं. आभाळातून काहीच पडलेलं नसतं. जुन्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात भिंतींना पांढरा भुसभुशीत थर चढतो ना? तिथे कुठे ढग असतो? हवेतला ओलावा गार भिंतीला चिकटतो आणि गोठतो. पानावर तेच होतं. ऊन आलं की अर्ध्या-पाऊण तासात सगळं गायब. बर्फ बघायला म्हणून मुंबईहून येणारे पर्यटक नऊ वाजता उठतात आणि हिरमुसतात.

आणि गारा वेगळ्या. 2014 सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या राज्यात जी गारपीट झाली ती कोणीच विसरलेलं नाही. त्या वेळी शेतात पांढरे ढीग साचले होते, त्याचेही व्हिडिओ अजून "बर्फवृष्टी" म्हणून फिरतात. पण गारा येतात त्या हिवाळा सरताना, दुपारी तापून उंच ढग चढले की. थंडीच्या लाटेचा आणि त्यांचा संबंध नाही.

इथे एक जण विचारतीलच की बाई, पेपरात चार अंश लिहिलेलं असतं, मग दव गोठतं कसं? गोठायला तर शून्य पाहिजे. बरोबर. पण हवामान केंद्रातलं तापमान मोजतात ते पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता आभाळाकडे सोडून देतात आणि वरच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त गार होतात. ढग असले तर ते गोधडीसारखे वर पसरून ही उष्णता अडवतात. शिवाय गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागेत साचते. म्हणून एकाच गावात टेकावरच्या वस्तीपेक्षा ओढ्याकाठच्या मळ्यात जास्त हुडहुडी भरते. आपला निफाडचा भाग नदीखोऱ्यातला सखल, त्यामुळे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा काही वर्षी तीन अंशांच्याही खाली गेलेला आहे.

तेव्हा बर्फाला घाबरू नका, पण या कोरड्या, मुक्या थंडीला कमी लेखू नका. ती गाजावाजा न करता नुकसान करते. द्राक्षात पाणी उतरायच्या वेळी एकदम पारा घसरला की मण्यांना तडे जातात, फुगवण थांबते. केळीची वाढ खुंटते. टोमॅटो, मिरचीची कोवळी रोपं एका रात्रीत काळी पडतात. आणि बागेचं नुकसान मालकाचं असलं तरी बागेतली मजुरी आपली असते. माल खराब झाला की विरळणीचं, तोडणीचं काम कमी होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ज्या गटांनी भाज्यांची रोपवाटिका केली आहे त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते. पहिली गोष्ट जागा. रोपवाटिका खोलगट कोपऱ्यात, पाणी जवळ म्हणून ओढ्यालगत करतात, तिथेच गार हवा साचते. जागा बदलता येत असेल तर थोडी उंचावर न्या. दुसरी गोष्ट पाणी. ओली माती दिवसभराचं ऊन कोरड्या मातीपेक्षा जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. विहिरीचं पाणी थंडीत पहाटे कोमट लागतं, तेही कामाला येतं. पण पाणी मातीला द्या, पानांवर शिंपडू नका, रोग वाढतात. रात्री रोपांवर जुन्या साड्या किंवा गोणपाट टाका, खाली काठ्या रोवा म्हणजे कापड पानाला टेकणार नाही. सकाळी ऊन आलं की काढायचं. साडी पातळ असली तरी चालते, ती ढगाचं काम करते.

शेकोट्या आणि धूर करतात, त्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. एक मोठी होळी पेटवली तर गरम हवा सरळ वर निघून जाते. त्यापेक्षा बागेत ठिकठिकाणी छोट्या छोट्या शेकोट्या बऱ्या. टायर, प्लॅस्टिक अजिबात जाळू नका. आणि हा धूर करायला पहाटे तीनला बाईलाच उठवतात, तो तिच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. पाळी लावून करा. घरातल्या पुरुषमाणसांचीही पाळी लागली पाहिजे, त्यांनाही थंडी सोसते.

पाण्याचं बोलताना रात्रीची वीज आलीच. ज्या आठवड्यात शेतीची वीज रात्री असते, त्या आठवड्यात मोटार चालू करायला कितीतरी जणी नवऱ्यासोबत नाहीतर एकट्याही जातात. आपल्याकडे उसात बिबट्या आहे. एकटीने जाऊ नका. बॅटरी घ्या, मोठ्याने बोलत चला, मोबाईलवर गाणी लावा. उसाच्या कडेला वाकून, बसून काम करू नका. शेजारच्या दोन-तीन शेतांनी मिळून एका वेळी जायचं ठरवलं तर बरं, आमच्या एका गटाने तसं ठरवलंय आणि ते निभतंय.

करडं, कोंबडीची पिल्लं यांना थंडीपेक्षा झोत मारतो. गोठ्याच्या उत्तरेकडच्या बाजूला गोणपाट लावा, खाली कोरडं भुसकट टाका, ओलं झालं की बदला. पिल्लांना पहिले काही दिवस बल्बची ऊब लागते. ती एकमेकांवर चढून गठ्ठा करून बसली तर समजा ऊब कमी पडतेय, आणि बल्बपासून लांब पळाली तर जास्त होतेय. एवढं केलं तर करडं विकायची वेळ येत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, हातातलं काम थांबवून ऐका. शेगडी. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवायची पद्धत आहे, शेक चांगला म्हणून. थंडीत खोलीची दारं-खिडक्या बंद, फटींना चिंध्या कोंबलेल्या, आणि आत निखारे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि तीच गफलत होते. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही, ते झोपेतच जातं. दर हिवाळ्यात देशात कुठे ना कुठे अशी अख्खी कुटुंबं जातात.

शेक द्यायचाच असेल तर दार किंवा खिडकी उघडी ठेवा, कोणीतरी जागं बसा, आणि झोपायच्या आधी शेगडी घराबाहेर न्या. राख झाकलेला निखारासुद्धा आत ठेवायचा नाही. खोलीत बसलेल्या दोघी-तिघींचं एकदम डोकं दुखायला लागलं तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा, मग दवाखाना गाठा. सासूबाईंना पटत नसेल तर आशाताईंना घरी बोलावून त्यांच्या तोंडून सांगवा. बाळाला ऊब द्यायला आईच्या छातीशी उघड्या अंगाने घेऊन वरून गोधडी लपेटणं हा उत्तम उपाय. दवाखान्यातही कमी वजनाच्या बाळांना तसंच ठेवतात. डोक्याला टोपी हवीच. पहाटे पहाटे अंघोळ घालायची घाई करू नका.

पहाटे कामाला जाणाऱ्या बायांनी चहावर भागवू नये. आपल्याकडे धुंधुरमासात सूर्य उगवायच्या आधी गरम मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोणी खायची रीत आहे. देवासाठी म्हणतात, पण थंडीत राबणाऱ्या अंगाला ते लागतंच. लोणी नसेल तर तीळकूट आणि गूळ.

आता अंदाज कुठून घ्यायचा? फिरत्या व्हिडिओवरून नको. 'मेघदूत' नावाचं सरकारी ॲप आहे, मराठीत आहे, जिल्ह्यानुसार पुढचे पाच दिवस आणि पिकांचा सल्ला देतं. गटातल्या एकीच्या मोबाईलवर असलं तरी पुरे, तिने मंगळवारी आणि शुक्रवारी वाचून दाखवायचं. हवामान खातं "थंडीची लाट" हा शब्द मोजून वापरतं. आपल्यासारख्या सपाट भागात किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी कमी झालं, किंवा थेट चार अंशांवर आलं, की लाट. शिवाय घरच्या घरी एक खूण आहे. टीव्हीवर काश्मीर-हिमाचलात मोठा बर्फ पडल्याचं दिसलं की तो बर्फ पाडणारे ढग पुढे सरकल्यावर मागून उत्तरेचं गार वारं खाली उतरतं, आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत धुळे, जळगाव, नाशिककडे पारा घसरतो. तिकडचा बर्फ आपल्याकडे येत नाही, थंडी येते. म्हणजे तेवढे दोन दिवस आपल्याला तयारीला मिळतात.

ज्या गटांची रोपवाटिका आहे त्यांनी बाजारातून साधा थर्मामीटर घ्यावा. एक नोंद अंगणात, एक नोंद रोपांपाशी वितभर उंचीवर, पहाटे सूर्य उगवायच्या वेळी. दोन्ही आकडे वहीत तारखेसह लिहा. पंधरा दिवसांच्या नोंदी घेऊन पुढच्या महिन्याच्या क्लस्टर बैठकीला या, कोणत्या गावात किती फरक पडतो ते मिळून बघू आणि उन्हाळी मिरचीच्या रोपांसाठी जागा त्यावरून ठरवू. बैठक दुपारी दोनला आहे, वही विसरू नका. नमस्कार.