बँकेत नसलेले पाच हजार कोटी



शेअर बाजारावर बोलायला कवीला कशाला बोलावलं, असं तुमच्या मनात आलं असेल. मी साधा बी.ए. ताळेबंद वाचायला कुणी शिकवलं नाही. पण घोटाळ्यात ज्यांचे पैसे बुडतात, त्यांतले बहुतेक माझ्यासारखेच असतात. म्हणून आज एकाच कंपनीची गोष्ट सांगतो. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटरची.

७ जानेवारी २००९, बुधवार. कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहिलं, की हिशेब खोटे आहेत. वाघावर बसलो, आता उतरावं कसं, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. वर्तमानपत्रांनी ते फार उचलून धरलं. मला विचाराल तर त्या उपमेपेक्षा पत्रातले आकडे जास्त बोलके आहेत. सप्टेंबर २००८ अखेर कंपनीच्या वह्यांत ५,३६१ कोटी रुपये रोख आणि बँकेत शिल्लक दाखवले होते. त्यातले ५,०४० कोटी मुळात नव्हतेच. त्या नसलेल्या पैशावर ३७६ कोटींचं व्याज येणं आहे, असंही लिहिलेलं होतं! तिमाहीचा नफा ६४९ कोटी दाखवला, खरा होता ६१ कोटी.

त्या एका दिवसात शेअर १७९ रुपयांच्या आसपासचा ४० रुपयांच्या आसपास आला. दुसऱ्या दिवशी मोहरमची सुट्टी, बाजार बंद. विकायचं ठरवलं तरी विकता येईना.

आता प्रश्न असा, की हे आधी कळलं असतं का? आकड्यांवरून तुम्हा-आम्हाला कळलं नसतं. बँकेतली शिल्लक खरी आहे का, हे ऑडिटरनं थेट बँकेला विचारून तपासायचं असतं. इथे ती पत्रं कंपनीच्याच हातून जात-येत होती. कंपनी न्यूयॉर्कच्या बाजारातही नोंदलेली असल्यामुळे अमेरिकेच्या बाजार नियामकानं २०११ मध्ये या ऑडिट संस्थेला ६० लाख डॉलरचा दंड केला, तो याच ढिलाईबद्दल. सीबीआयच्या तपासात साडेसात हजारांहून जास्त खोटी बिलं निघाली. जिथे ऑडिटर फसला किंवा फसवून घेतला, तिथे आपण घरी बसून काय पकडणार?

पण आकडे लपले तरी माणसांची वागणूक लपत नाही. ती तीन आठवडे चव्हाट्यावर होती.

१६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमनं जाहीर केलं, की मेटास नावाच्या दोन कंपन्या आम्ही १६० कोटी डॉलरना घेतो. सॉफ्टवेअरची कंपनी, आणि घेतेय जमीनजुमल्याच्या आणि बांधकामाच्या कंपन्या. त्या कुणाच्या? राजूंच्याच घरच्या. सत्यमचं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलं की मेटास होतं, इतका तो उघड मामला. भागधारक खवळले आणि सौदा काही तासांत मागे घ्यावा लागला. शेअर सुमारे ३० टक्क्यांनी घसरला. खरं कारण पुढे त्या पत्रातून कळलं. खोट्या रोकडीच्या जागी खऱ्या जमिनी आणून बसवायच्या होत्या.

त्यानंतर एकामागून एक गोष्टी बाहेर आल्या. जागतिक बँकेनं सत्यमला आठ वर्षं काम द्यायचं नाही, असं ठरवल्याचं समजलं. डिसेंबर संपायच्या आत चार स्वतंत्र संचालकांनी राजीनामे दिले. प्रवर्तकांनी, म्हणजे मूळ मालक घराण्यानं, आपले शेअर गहाण टाकल्याचं उघड झालं. आणि तरीही ७ जानेवारीच्या सकाळी भाव १७९ च्या आसपास होता! कंपनी स्वतःच शेअर परत विकत घेणार, १० जानेवारीला बैठक आहे, या आशेवर लोक थांबले होते. त्याच कंपनीला सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभाराचा एक मोठा पुरस्कारही मिळालेला होता. पुरस्कारांचं मोल मला ठाऊक आहे, कवींनाही मिळतात.

मालक घराण्याच्या खिशातून कंपनीत आणि कंपनीतून घराण्याच्या खिशात जाणारा पैसा, गहाण टाकलेले शेअर, अचानक निघून जाणारे संचालक आणि ऑडिटर. हे समजायला कॉमर्सची पदवी लागत नाही. गावात सावकाराचा मुनीम नोकरी सोडून गेला, तर लोक कारण विचारतातच ना? शेअर बाजारात आपण ते विचारायचं विसरतो.

सत्यमनंतर जानेवारी २००९ मध्येच सेबीनं प्रवर्तकांचे गहाण शेअर जाहीर करणं सक्तीचं केलं. आज कुठल्याही नोंदणीकृत कंपनीचं हे प्रमाण दर तिमाहीला शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट पाहता येतं. वार्षिक अहवालात शेवटी बारीक अक्षरांत टिपा असतात. त्यांत ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ असा भाग असतो. अध्यक्षांचं गुळगुळीत भाषण सोडा, तो भाग आधी वाचा. आणि कागदावर भरपूर रोकड असलेली कंपनी कर्जही काढत असेल, तर थांबा.

आमच्या समाजात व्याज नको म्हणून बँकेत मुदतठेव न ठेवणारी पुष्कळ माणसं आहेत. त्यांतली काही शेअरकडे वळतात. ‘कंपनीवर कर्ज नाही ना?’ एवढं विचारून ती निर्धास्त होतात. सत्यमच्या वह्यांतही १,२३० कोटींचं देणं दाखवलेलंच नव्हतं. तेव्हा नुसतं कर्ज नाही म्हणून कुणावर विसंबू नये, हे मी मशिदीबाहेरच्या गप्पांतही सांगत असतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये देशातल्या डीमॅट खात्यांनी १० कोटींचा आकडा ओलांडला. यातली किती माणसं त्या बारीक टिपांपर्यंत पोहोचतात?

९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयानं राजू आणि इतर नऊ जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. कबुलीपत्राला तेव्हा सहा वर्षं उलटून गेली होती. सत्यम त्याआधीच टेक महिंद्रामध्ये विलीन झाली होती. नोकरदारांच्या नोकऱ्या बऱ्याच अंशी वाचल्या, त्याचं श्रेय २००९ मध्ये सरकारनं तातडीनं नेमलेल्या नव्या संचालक मंडळाला द्यायला हवं. १७९ रुपयांना शेअर धरून बसलेल्यांसाठी मात्र त्या मंडळाला काही करता आलं नाही.