हसणाऱ्या देवाचे लढवय्ये नर्तक

आज 'वॉरहॅमर ४०,०००'बद्दल. १९८७ साली ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉपने आणलेला, छोट्या बाहुल्यांच्या सैन्याचा हा टेबलवरचा खेळ. त्यातले माझे सगळ्यात आवडते योद्धे म्हणजे हार्लेक्विन. नाव आलंय जुन्या इटालियन नाटकातल्या विदूषकावरून. हे लोक रणांगणात नाचत नाचत लढतात. का, याची दंतकथा भारी आहे.

एल्डारी ही प्राचीन जमात चैनीत इतकी बुडाली, की त्यातूनच स्लानेश नावाचा राक्षसी देव जन्मला. जन्मताच त्याने एल्डारींचे जवळपास सगळे देव गिळले. युद्धदेव खेन त्याच्याशी लढला, त्याचे तुकडे तुकडे झाले. त्या धुमश्चक्रीत सेगोराक निसटला. हा हसणारा देव, म्हणजे आपल्या तमाशातला सोंगाड्याच म्हणा ना! थोडक्यात, सर्व्हर उडाला आणि बॅकअप उरला तो सोंगाड्याकडे.

हार्लेक्विन त्याचे भक्त. जमातीचा तो नाश ते नाटकात नाचून दाखवतात आणि त्याच चपळाईने युद्धात उतरतात. त्यांच्यासाठी रंगमंच आणि रणांगण वेगळं नाहीच.

पण नाटकात स्लानेश कोणी व्हायचं? ते काम सॉलिटेअरचं. इतरांचे आत्मे सेगोराक सांभाळतो. सॉलिटेअरचा आत्मा मात्र मेल्यावर स्लानेशच्या वाट्याला जातो, देवाने ऐनवेळी काही युक्ती केली तरच सुटका. म्हणून तो एकटाच राहतो.

मला ही कथा इथेच भिडते. झालेला नाश विसरायचा नसेल, तर खलनायकाचं सोंगही कोणीतरी घ्यावंच लागतं. आणि त्याची किंमत तो एकटा मोजतो.

तुम्ही ही भूमिका घेतली असती का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!